शेठचं डोकं

मासे पाळले की मन शांत होतं, रक्तदाब उतरतो, असं सांगणारी माणसं बहुधा गप्पी पाळत असावीत. गप्पी हा पापभीरू मासा. तो खातो, पोहतो, पिल्लं घालतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात न पडता एक दिवस निमूटपणे वर तरंगतो. फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्याच्या रक्तदाबाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. कारण फ्लॉवरहॉर्न तुमच्या घरात राहायला येत नाही, ताबा घ्यायला येतो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचं वर्णन: लांबी वाढून वाढून फूटभर. अंगावर लाल, गुलाबी, केशरी रंगांची आणि मोतिया ठिपक्यांची उधळण. कुशीवरून काळ्या डागांची एक रांग. डोळे लालभडक. आणि कपाळावर नारळ ठेवून वरून कातडी शिवल्यासारखं भलंमोठं टेंगूळ. या टेंगळाला जाणकार ‘हम्प’ म्हणतात, जास्त जाणकार ‘कोक’ म्हणतात आणि दुकानदार नुसतं ‘हेड’ म्हणतो. माशाची सगळी किंमत या हेडवर ठरते. त्यात मेंदू नसतो. चरबी आणि पाणी असतं. डोकं जितकं मोठं आणि त्यात मेंदू जितका कमी तितका भाव जास्त, ही रीत फक्त माशांच्या बाजारात आहे असं मी म्हणणार नाही.

हा मासा निसर्गानं घडवलेला नाही. कुठलीही नदी त्याला आपलं लेकरू म्हणून ओळख देणार नाही. १९९० च्या दशकात मलेशियातल्या मासे पैदास करणाऱ्यांनी मध्य अमेरिकेतून आलेल्या निरनिराळ्या सिक्लिड माशांची आपसात लग्नं लावली, त्यांच्या पोराबाळांची पुन्हा लग्नं लावली, आणि कोण कुणाचा काका हे लावणाऱ्यांनाही सांगता येईना तेव्हा हा निघाला. सिक्लिड हे माशांमधलं एक अवाढव्य घराणं. आपल्याकडच्या टाक्यांमधले एंजल, ऑस्कर, डिस्कस हे सगळे त्याच घराण्यातले. फ्लॉवरहॉर्नच्या आजोळी ‘रेड डेव्हिल’ नावाचा एक मासा आहे. ज्याच्या आजोबांचं नाव लाल सैतान, त्याच्याकडून सौजन्याची अपेक्षा ठेवणंच मुळात चूक.

चिनी परंपरेत दीर्घायुष्याच्या देवाचं कपाळ असंच पुढे आलेलं दाखवतात. त्यामुळे मोठ्या कपाळाचा मासा घरात आला की आयुष्य, पैसा, बढती सगळं मागोमाग येतं अशी हवा झाली. २००० सालाच्या आगेमागे मलेशिया-सिंगापुरात या माशानं लोकांना अक्षरशः वेड लावलं. कुशीवरच्या काळ्या डागांत कुणाला चिनी अक्षरं दिसायला लागली, कुणाला आकडे दिसायला लागले, आणि ते आकडे चार आकडी लॉटरीवर लावले जाऊ लागले. आकडा लागला तर माशानं सांगितला होता. नाही लागला तर वाचणाऱ्याची नजर कमी पडली. पुढे ज्याच्या-त्याच्याकडे फ्लॉवरहॉर्न झाला, पिल्लांचे भाव कोसळले, आणि कालपर्यंत घरात नांदणारं भाग्य लोकांनी तळ्यात आणि जलाशयात नेऊन सोडलं. तिथेही ते गप्प बसलं नाही. तिथल्या मूळच्या माशांच्या वस्तीत त्यानं दांडगाई चालवली. ऑस्ट्रेलियानं तर हा मासा देशात आणायलाच बंदी घातली. क्रिकेटच्या मैदानावरची शिवीगाळ ज्या देशानं खेळाचा भाग मानली, त्या देशालाही हा मासा परवडला नाही, यावरून अंदाज यावा.

आमच्याकडे तो वास्तूच्या मार्गानं आला. सोसायटीतल्या एका हितचिंतकांनी घरात पाऊल टाकताच भिंतींकडे पाहून मान हलवली आणि ‘इथे पाणी हवं’ एवढंच म्हणाले. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ‘पाणी हवं’ हे कुणी सांगावं लागत नाही. पण त्यांना नळाचं पाणी अभिप्रेत नव्हतं. ईशान्य कोपरा, त्यात टाकी, टाकीत फ्लॉवरहॉर्न, असं त्यांचं म्हणणं पडलं. बायकोला ते पटलं. आईला आधीपासूनच पटलेलं होतं. माझं मत अजून तयार होत होतं तेवढ्यात आम्ही दुकानात पोचलो.

दुकानात तो बोटभर लांबीचा होता. करडा रंग, ठिपक्यांचा पत्ता नाही, कपाळ सपाट. शेजारच्या टाकीत डोकं निघालेला पूर्ण वाढीचा नर होता. त्याची किंमत ऐकून आम्ही नवरा-बायको एकाच वेळी ‘फक्त बघतोय’ म्हणालो. या धंद्याची मेख इथेच आहे. पिल्लू काही शेकड्यांत मिळतं, डोकं निघालेला मासा हजारांत जातो, आणि कुठल्या पिल्लाचं डोकं निघणार हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

“ह्याचं हेड निघेल ना?” मी विचारलं.

“निघणार म्हणजे काय सर! ह्याच्या बापाचं बघा.” दुकानदारानं मोबाइलमधला एक फोटो समोर धरला. बाप खरोखरच कर्तबगार दिसत होता.

“आणि नाही निघालं तर?”

“तर मग फीमेल असेल.”

मादीचं डोकं नरापेक्षा लहान राहतं हे खरं आहे, त्यामुळे त्या उत्तरात खोट काढता येईना. ग्राहकाच्या सगळ्या तक्रारी विक्रीच्या आधीच मिटवून टाकणारं असं उत्तर इतर कुठल्या धंद्यात असेल असं वाटत नाही.

मग टाकी, स्टँड, झाकण, लाइट, टॉप फिल्टर, एअर पंप, हीटर, अँटी-क्लोरीनची बाटली, हेड वाढवणारे दाणे आणि रंग वाढवणारे वेगळे दाणे अशी यादी झाली. सगळ्या यादीत मासा हाच सर्वांत स्वस्त होता. तो ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बायकोच्या मांडीवर बसून रिक्षातून आला. त्याचा संसार मागून टेम्पोनं आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत टाकी चढवताना हमालांनी आत काय ठेवणार असं विचारलं. मुलीनं बोटभर अंतर करून दाखवलं. हमाल बराच वेळ काही बोलले नाहीत.

फ्लॉवरहॉर्नला टाकी मोठीच लागते. आज बोटभर असला तरी वर्षभरात त्याची वीत होते आणि पुढे फूट होतो, म्हणून सुरुवातीलाच तीनशे लिटरची घ्या, असं सगळे सांगतात. तीनशे लिटर म्हणजे नुसतं पाणीच तीनशे किलो. काच, रेती, स्टँड वेगळं. सोसायटीचे सेक्रेटरी चौकशीला आले. स्लॅबला झेपेल का, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, गणपतीत आरतीच्या वेळी याच हॉलमध्ये याच्या कितीतरी पट वजन उभं असतं, आणि ‘घालीन लोटांगण’ला ते उड्याही मारतं. टाकी निदान एका जागी उभी राहते. सेक्रेटरींनी प्रसाद समजून चहा घेतला आणि गेले.

खरी अडचण वेगळीच निघाली. ईशान्येला प्लग नाही. बिल्डर घर बांधताना दिशा बघून प्लग देत नाही, वायर वाचवून देतो. फिल्टर, पंप, हीटर आणि लाइट एवढ्या चौघांना वीज हवी आणि वीज नैर्ऋत्येला. शेवटी भाग्य एका कोपऱ्यात आणि प्लग दुसऱ्या कोपऱ्यात अशी तडजोड होऊन हॉलच्या मधून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गेली. त्या वायरीला अडखळून घरातलं एकही माणूस पडायचं राहिलं नाही. हितचिंतकांच्या मते एकाचंही हाड मोडलं नाही, हाच टाकीचा गुण.

मुलीनं त्याचं नाव ‘शेठ’ ठेवलं. दोन-तीन महिन्यांत शेठनी नावाला जागायला सुरुवात केली. आधी रेती. टाकीत आम्ही रंगीत रेती हौसेनं समपातळीत पसरली होती. शेठना ती तशी नको होती. रात्रभर तोंडात रेती भरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्याचं काम चाले आणि सकाळी एकीकडे डोंगर, दुसरीकडे उघडी काच. आम्ही सारखी करायची, त्यांनी पुन्हा उपसायची. मग प्लास्टिकची झाडं उपटली. मग थर्मामीटर पाडलं. काचेवरचं शेवाळ खायला एक सकर मासा आणून सोडला, तर सकाळी तो बिचारा फिल्टरच्या पाइपाला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या शेपटीचा बराच भाग शेठच्या पोटात होता. सकर दुकानात परत गेला. तेव्हापासून तीनशे लिटरमध्ये एकटे शेठ राहतात. आम्ही चौघं जण वन बीएचकेमध्ये राहतो.

या दांडगाईमागे शरीरशास्त्रही आहे. सिक्लिड माशांच्या घशात दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्यानं पकडायचं आणि आतल्या जबड्यानं भरडायचं. भरडण्याचं काम आत गेल्यामुळे पुढचं तोंड निरनिराळ्या उद्योगांना मोकळं झालं आणि त्या जोरावर या घराण्यानं जगभर हजाराहून जास्त जाती काढल्या, असं जीवशास्त्रज्ञ मानतात. एका तोंडानं खात असताना दुसरं मोकळं ठेवण्याचे फायदे सहकारी संस्थांत वावरलेल्या वाचकांना मी काय समजावून सांगणार!

शेठचा दुसरा गुण म्हणजे रुसवा. पाणी जरा जास्त बदललं, टाकीतली एखादी वस्तू हलवली, घरात पाहुण्यांची गर्दी झाली की शेठ रुसतात. रंग उतरतो, टेंगूळ ओसरतं, आणि ते तळाशी चक्क एका कुशीवर आडवे होतात. दाणे टाकले तर पाठ करतात. पहिल्यांदा हे दृश्य पाहून घरात रडारड व्हायची बाकी राहिली होती. दुकानदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “काही नाही सर, नाटक करतो. पाण्यात खडे मीठ टाका आणि लाइट बंद ठेवा.” तोवर आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन टाकीवरून तीनदा उतरवून दृष्ट काढलेली होती. दोन दिवसांनी शेठ उठले आणि दाणे खाऊ लागले. दोन्ही उपायांत मीठ समान असल्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

डोकं मात्र निघेना. शेठ वितभर झाले, रंग आला, मोती उमटले, पण कपाळ जेमतेम उचललेलं. मग कुणीतरी आरशाचा उपाय सांगितला. फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांत हा उपाय सर्रास चालतो. दिवसातून काही मिनिटं टाकीच्या बाहेरून काचेला आरसा लावायचा. माशाला वाटतं, समोर दुसरा आलाय. तो कल्ले फुगवतो, पंख ताठ करतो, रंग गडद होतो आणि आरशावर धडका मारायला लागतो. अशा रोजच्या संतापानं हेड वाढतं असं म्हणतात. मात्र वेळ मोजून आरसा काढायचा, नाहीतर चिडचिड जास्त होऊन असलेलं डोकंही उतरतं.

आमच्याकडे बायकोचा हातआरसा या कामी लागला. रोज संध्याकाळी मी आरसा धरून उभा, आत शेठ स्वतःवर धावून जातायत, आणि आई देवाजवळ दिवा लावताना तो आवाज ऐकून म्हणतेय, “पुरे रे, दमला असेल.” काही आठवड्यांनी कपाळ खरंच थोडं पुढे आलं. डोकं मोठं व्हायला ज्ञान लागत नाही. समोर डोळ्यांत खुपणारं कुणीतरी लागतं, मग ते आरशातलं का असेना. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बसून मला हे जे कळलं नव्हतं ते शेठनी शिकवलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. बायको टाकीजवळ गेली की शेठ मागे सरकून अदबीनं उभे राहतात. आईला बघून दाण्याच्या बाजूला जातात. मी मात्र खुर्ची घेऊन बसलो की ते सरळ माझ्यापाशी येतात, काचेला नाक लावतात आणि तिथेच थांबतात. लोक म्हणायला लागले, मासा तुमच्यावर किती जीव टाकतो! मलाही ते ऐकायला आवडायचं. मग मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी सिक्लिड माशांबद्दल वाचायला घेतलं आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जेवणाच्या ताटावर सांगितला. तिथल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या टांगानिका तळ्याकडच्या एका सिक्लिडाला काचेआड बसवून इतर नरांच्या मारामाऱ्या दाखवल्या. पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, अशी साखळी. बघणाऱ्या माशानं नुसतं बघून मनातल्या मनात क्रमवारी लावली. पुढे कधीही न भिडलेले दोन नर त्याच्यासमोर ठेवले तेव्हा तो त्यांतल्या दुबळ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“म्हणजे काय?” आई म्हणाली.

“म्हणजे शेठ रोज हॉलमधून बघतात,” मुलगी म्हणाली, “घरात कोण कुणाला हरवतं ते.”

त्यानंतर बराच वेळ फक्त वाढण्याचा आवाज येत होता.

दिवाळीच्या सुट्टीत सासरे आले. ते इंदापूरकडचे, उजनीच्या पाणलोटाच्या काठावर त्यांचं आयुष्य गेलं. टाकीसमोर उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला.

“जावईबापू, ही तर चिलापी की!”

“चिलापी नाही तात्या. फ्लॉवरहॉर्न आहे. इम्पोर्टेड ब्रीड.”

“असंल. पर तोंडावरनं भाऊबंदच दिसतंय.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते बरोबर होते. उजनीची चिलापी म्हणजे तिलापिया. तीही सिक्लिड घराण्यातलीच. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली आणि तिनं तळी, धरणं, खाणी काही सोडलं नाही. भिगवणच्या रस्त्यावर तिचं कालवण आणि तळलेल्या तुकड्या खायला लोक गाडी वाकडी करून थांबतात. आपल्याकडचे मूळचे सिक्लिडही आहेतच. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात तोच केरळातला करीमीन, आणि केरळनं २०१० मध्ये त्याला राज्याचा मासा केलं. अर्थात हा सन्मानही त्याला तव्यापासून वाचवू शकला नाही. चिलापीची मादी तर आपली अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी काढते. एवढी सोशिक बाई रश्श्यात आणि हा भांडकुदळ ईशान्येला, हा न्याय कुठल्या शास्त्रात बसतो कोण जाणे.

तात्या अजून टाकीकडेच बघत होते. “किती भरंल हे? किलोभर?”

जो मासा माझं बोट काचेबाहेर दिसलं तरी चावायला धावतो, तो सावकाश मागे सरकला आणि फिल्टरच्या पाइपामागे जाऊन उभा राहिला. शेठनी कुणाला इतका मान दिल्याचं आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. तात्या होते तेवढे दिवस रेती जागच्या जागी राहिली.

आता या माशानं भाग्य आणलं का, हा मुख्य प्रश्न. याबाबतीत एक सिद्धान्त प्रचलित आहे आणि तो आम्हाला दुकानदारापासून हितचिंतकांपर्यंत सगळ्यांनी सांगितला. मासा जिवंत असेपर्यंत घरात भरभराट. मासा मेला तर घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं. म्हणजे तो जगला तरी फायदा आणि मेला तरी फायदा. विमा कंपन्यांना इतकी पक्की पॉलिसी अजून काढता आलेली नाही. शिवाय संकट टळलं हे सिद्ध करायची जबाबदारी कुणावरच नाही, कारण जे आलंच नाही ते दाखवणार कसं? मासा गेल्यावर लोक हळहळतात, हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन संकटांसाठी नवीन पिल्लू आणायला जातात. त्याच दुकानात.

आमच्याकडे भरभराटीची चिन्हं तशी संमिश्र होती. विजेचं बिल वाढलं, तेव्हा त्यालाही ‘वाढ’ म्हणायला हरकत नाही असं मी सुचवलं आणि ते कुणाला रुचलं नाही. पाणी कुणी बदलायचं यावरून रविवार सकाळी वाद. टँकरच्या दिवशी शेठना पाणी आधी की कपड्यांना, यावर वाद. वीज गेली की पंखा बंद, टीव्ही बंद आणि सगळं घर अंधारात बॅटरीवरचा एअर पंप शोधतंय. तो सापडला नाही की त्यावरून वाद. शेठ जवळ येऊन शांतपणे ऐकत. क्रमवारीत फरक पडत नव्हता.

आणि मग समोरच्या विंगमधल्या शेजाऱ्यांनी फ्लॉवरहॉर्न आणला.

त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर. मध्ये दहा-बारा फुटांची मोकळी जागा आणि कबुतरांची जाळी. त्यांनी पिल्लू आणलं नाही, डोकं निघालेला तयार मासा आणला, आणि लाइट लावून टाकी अगदी खिडकीत ठेवली. त्याचं डोकं आमच्या शेठच्या डोक्यापेक्षा मोठं होतं. थोडंथोडकं नव्हे, इकडून चष्म्याशिवाय दिसावं इतकं मोठं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक चमत्कार झाला. भांडणं थांबली. रविवारी सकाळी मी पाणी काढतोय आणि बायको न सांगता पाइप धरतेय. विजेच्या बिलाबद्दल अवाक्षर नाही. जेवताना एकच विषय: ते डोकं खरं नाही. आई म्हणाली, इंजेक्शन दिलेलं असणार. मुलगी म्हणाली, लाइट लाल लावलाय म्हणून रंग तसा दिसतो. बायको म्हणाली, त्यांच्या माशाचे डोळेच मला आवडत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुठल्याही विषयावर आमच्या घराचं इतकं दणदणीत एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

याचाही उलगडा सिक्लिड माशांनी केव्हाच करून ठेवलेला आहे. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांनी १९६३ साली आक्रमकतेवर जे पुस्तक लिहिलं त्यात या माशांच्या संसाराचं वर्णन आहे. सिक्लिडांची जोडी टाकीत एकटी ठेवली तर नराला भांडायला कुणी उरत नाही आणि तो स्वतःच्या बायकोवरच तुटून पडतो. उपाय सोपा आहे. टाकीच्या मधोमध काच बसवायची आणि पलीकडे दुसरी जोडी सोडायची. मग दोन्ही नवरे काचेपलीकडच्या शेजाऱ्यावर दिवसभर राग काढतात आणि घरी अत्यंत प्रेमळ वागतात. त्या काचेवर शेवाळ चढलं, शेजारी दिसेनासा झाला की नवरा पुन्हा बायकोशी उर्मटपणे वागायला लागतो. काच पुसली की पुन्हा सुखाचा संसार. वास्तुशास्त्रात आठ दिशा सांगितल्यात. घरात सुख नांदण्यासाठी ‘समोर’ ही नववी दिशा सगळ्यांत महत्त्वाची आहे, हे सांगायला मासे लागले. शेठनी भाग्य आणलं ते ईशान्येतून आणलं नाही. त्यांनी आमच्या सबंध कुटुंबाला भांडायला एक चांगला शेजारी मिळवून दिला.

गेल्या आठवड्यात बायको बाजारातून आली ती बातमी घेऊनच.

“समोरचे खिडकीला पडदे लावतायत म्हणे. दुपारचं ऊन येतं टाकीवर.”

“बरं मग?”

“बरं मग काय? मग आपण बघायचं कुणाकडे?” असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं.

मी शर्ट चढवला, चपला घातल्या आणि तडक समोरच्या विंगमध्ये गेलो. शेजाऱ्यांना म्हटलं, पडदे अजिबात लावू नका. ऊन येत असेल तर काचेला मागून कागद लावा, फार तर टाकी वीतभर आत घ्या, पण इतकं देखणं डोकं पडद्याआड ठेवणं बरं नव्हे. ते मनापासून खूश झाले. चहा झाला, चकल्या झाल्या. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचाही छान आहे हो. जरा लहान आहे, इतकंच.”

हे वाक्य मी कानामात्रेचाही फरक न करता घरी पोचवलं.

“लहान?” आई देवघरातून म्हणाली.

“लहान?” मुलगी म्हणाली.

बायको काहीच बोलली नाही. तिनं ओट्यावरचा हात पुसला आणि आरसा शोधायला लागली. मीच तो तिला पटकन काढून दिला.